पाळीवरचा फायबरचा वाघ

माझ्या आईला माझी नोकरी शेवटपर्यंत नीट कळली नाही. नागभीडला आमच्या मोहल्ल्यात कोणी विचारलं की ती सांगे, "नलू कंपनीचे पैसे नेऊन तळ्यात टाकते." वडील रेल्वेत गँगमन होते. त्यांचं काम रुळावर बोट ठेवून दाखवता येत असे. माझं काम दाखवायचं म्हटलं तर पाण्यात उतरावं लागे, म्हणून आईचं वाक्य मी कधी दुरुस्त केलं नाही.

आता निवृत्त झाले आहे, तर समजावून सांगते. मोठ्या कंपन्यांना कायद्याने नफ्यातला थोडा भाग समाजाच्या कामावर खर्च करावा लागतो. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे कोळसा, लोखंड, सिमेंटवाल्यांना तोटा नाही. आपलं जंगल, आपली तळी आपणच सांभाळू म्हणणाऱ्या गावांनाही तोटा नाही. पण कंपनीला ग्रामसभा कशाशी खातात ते ठाऊक नसतं, आणि गावाला प्रस्ताव लिहिता येत नाही. मध्ये आमच्यासारखी पर्यावरणाचं काम करणारी संस्था असते, आणि संस्थेत माझ्यासारखी समन्वयक. म्हणजे काम सोयरीक जुळवणाऱ्याचं. मुलाचा राग आणि मुलीचा हट्ट दोन्ही मला माहीत, आणि दोन्हीकडे सांगायचं की स्थळ उत्तम आहे.

गमती पुष्कळ झाल्या. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायकांसाठी एका कंपनीने पांढरेशुभ्र टी-शर्ट पाठवले. ते घालून जंगलात कोण जाणार? त्या बायकांनी ते भाताच्या बुजगावण्यांना घातले. त्या साली त्या गावाच्या बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या वाफ्यांमधून, कंपनीचं नाव दिमाखात उभं होतं. एटापल्लीकडच्या एका गावात मुंबईच्या साहेबांना मोबाइलवरून बैठक हवी होती. गावात रेंज फक्त एका मोहाच्या झाडावर. गावच्या समितीचे सचिव झाडावर चढले आणि पाऊण तास फांदीवर बसून बैठकीला हजर राहिले. त्यांच्यामागची हिरवळ फार छान दिसते, असं साहेब म्हणाले.

पण सांगायची आहे ती मूल तालुक्यातल्या एका तळ्याची गोष्ट. तिच्यात हसू येण्यासारखं बरंच आहे आणि माझी एक चूकही आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तशी मला गावाची ताकीद आहे.

आमच्या धानपट्ट्यात गावोगाव मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातली तळी आहेत. या गावाचं तळं मोठं, पण गाळ आणि बेशरमच्या झुडपांनी अर्धं खाल्लेलं. ढिवर समाजाची वीस-बावीस घरं त्यातल्या मासळीवर जगत. त्यांच्या संस्थेचे अध्यक्ष डोमाजीभाऊ सत्तरीचे, काटक, कमी बोलणारे. त्यांचं म्हणणं होतं की बाहेरून मोठ्या माशांचं बीज आणून टाकण्याच्या नादात पाण्याखालचं गवत, पानफूल, देवधान सगळं गेलं, आणि ते गेलं म्हणून मरळ, शिंगी, मागूर ही आपली मासळी गेली. तिला अंडी घालायला जागाच नाही. उपाय त्यांच्याकडेच होता. उन्हाळ्यात उघडं पडलेलं तळ नांगरायचं, बेशरम उपटायची, दुसऱ्या तळ्यांतून वनस्पती आणून लावायच्या आणि पुढच्या होळीपर्यंत जाळं टाकायचं नाही.

शेवटची अट अवघड होती. इतके महिने मासळी नाही तर घरं काय खाणार? त्यासाठी कंपनी हवी होती. गाळ काढण्याची, लावणीची, राखणीची मजुरी कंपनीने द्यायची आणि मजुरीवर घरांनी हंगाम काढायचा, असं ठरलं. एका कारखान्याने होकार दिला. पैसे दोन भागांत येणार होते, पहिला उन्हाळ्यात आणि दुसरा दिवाळीनंतर, काम पाहून.

ग्रामसभेच्या अध्यक्ष कौतिकाबाई. धान, थोडा कापूस करणाऱ्या, पन्नाशीच्या आतल्या, आवाज न चढवता समोरच्याला गप्प करणाऱ्या. त्यांनी मला सभेत एकच विचारलं होतं, "बाई, दुसरा पैसा येईल मनून तुमी सांगून राह्यल्या, का कंपनी सांगून राह्यली?" मी म्हटलं, मी सांगते. त्या शब्दावर डोमाजीभाऊंनी जाळी गुंडाळून माळ्यावर टाकली.

सप्टेंबरात कंपनीचे पाटणकर साहेब काम पाहायला आले. चाळिशीचे, पुण्याचे, स्वच्छ बुटांचे, मनाने वाईट नाहीत. पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, उभे राहून त्यांनी बराच वेळ तळ्याकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं की नेमकं काय बघायचं. समोर पाणी होतं. आमचं सगळं काम त्याच्या खाली होतं. डोमाजीभाऊ म्हणाले, चला दाखवतो, आणि त्यांना डोंग्यात बसवून मध्यावर नेलं. साहेब वाकून पाहायला गेले आणि त्यांचा चष्मा टुपकन पाण्यात पडला. डोमाजीभाऊंनी लगेच बुडी मारली. वर आले तेव्हा एका हातात चष्मा होता आणि चष्म्याला हिरव्या गवताची लांबलचक शेपटी गुंडाळलेली होती. त्या शेपटीत बोटाएवढी मासळी वळवळत होती. "हे पाहा. हेच दाखवाचं होतं," ते म्हणाले.

साहेब खरंच खूश झाले. पण परत येताना गाडीत गंभीर झाले. ते म्हणाले, मला पटलं, पण आमचे वरचे लोक बुडी मारणार नाहीत. त्यांना फोटोत दिसेल असं काहीतरी हवं. वाघांचा जिल्हा आहे, तर पाळीवर एक छानशी व्याघ्रप्रतिकृती ठेवू, खाली कंपनीचं नाव. एवढं झालं की दुसरा भाग अडणार नाही.

मी हो म्हटलं. पुढे अनेकदा मी स्वतःला विचारलं की हो का म्हटलं. एक तर व्याघ्रप्रतिकृती हा शब्द ऐकून माझ्या डोळ्यांपुढे टीव्हीवर ठेवतात तसला चिनी मातीचा वाघ आला. दुसरं म्हणजे दुसरा भाग अडणार नाही हे ऐकून मला इतकं हायसं वाटलं, की गावाला विचारायला हवं हे सुचलंच नाही. ते काम सव्वीस वर्षं मी इतरांना शिकवत होते.

नोव्हेंबरात धानाची कापणी सुरू होती आणि अख्खं गाव बांध्यांत होतं. भरदुपारी एक ट्रक आला. विचारायला कोणी भेटलं नाही, म्हणून ट्रकवाल्यांनी आपल्याच अकलेने पाळीवरची बरी जागा पाहून वाघ उतरवला, त्याचं तोंड गावाकडे केलं आणि निघून गेले. वाघ अकरा फूट लांब होता. फायबरचा, पण रंगवणाऱ्याने जीव ओतला होता. एक पंजा पुढे, जबडा अर्धा उघडा.

उन्हं कलायच्या सुमारास बायका विळे घेऊन परतत होत्या. पुढचीने पाळीवर पाहिलं आणि ती जागीच बसली. मागच्या विळे टाकून पळाल्या. अर्ध्या तासात गावाची दारं लागली, कुत्री घराघरांत शिरली आणि वनविभागाची गाडी आली. वनरक्षक नवा आणि फार शिस्तीचा होता. त्याने लोकांना लांब ठेवलं आणि दुर्बीण लावून निरीक्षण सुरू केलं. वाघ हलत नाही, शेपटीही हलवत नाही, माणसांच्या आवाजाला दाद देत नाही, तेव्हा तो आजारी असावा, असं त्याने वर कळवलं. वरून जनावरांच्या डॉक्टरांना निरोप गेला. हे सगळं तासभर चाललं.

शेवटी डोमाजीभाऊ आले. त्यांनी वाघाकडे पाहिलं, वाघाच्या डोक्यावर बसलेल्या बगळ्याकडे पाहिलं आणि काठी टेकत सरळ पाळीवर चालत गेले. लोक ओरडत राहिले. त्यांनी वाघाच्या पोटावर काठीने टकटक केलं. पोकळ आवाज आला. मग खाली वाकून वाघाच्या पायाखालच्या पाटीवरचं कंपनीचं नाव मोठ्याने वाचून दाखवलं. वनरक्षकाने दुर्बीण पेटीत ठेवली आणि मला फोन लावला, कारण नावाखाली सहकार्य म्हणून आमच्या संस्थेचं नाव होतं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचले. रस्ताभर मला हसू येत होतं. गाडीवर बसल्या बसल्या हा किस्सा ऑफिसात कसा सांगायचा ते मी जुळवत होते. कौतिकाबाई अंगणात धान वाळत घालत होत्या. मी हसतच आत गेले. त्या हसल्या नाहीत. हातातलं सूप खाली ठेवून म्हणाल्या, "बाई, माह्या जावेले वाघानं नेलं ते याच पाळीच्या मांगून. दोन वर्सं नाई झाली. तिची पोरगी काल पाळीवरून येऊन राह्यली होती. घरी आल्यापासून बोलली नाई."

मला त्यांच्या जावेचं ठाऊक होतं. मी तेराव्याला त्या घरी जाऊन बसले होते. ती बाई मोहफुलं वेचायला गेली होती. हे सगळं माहीत असलेल्या माणसाने त्या पाळीवर वाघ ठेवायला हो म्हटलं होतं. त्यांनी विचारलं, "कोनाले इचारून ठेवला?" मी म्हटलं, कोणालाच नाही, होकार मी दिला. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या की हे ग्रामसभेत सांगा, आणि साहेबालेबी आना. तोवर वाघावर कोणीतरी धानाचा पेंढा टाकून तो झाकून टाकला होता.

आमच्या संस्थेच्या संचालकांनी सल्ला दिला की सांभाळून घ्या, कंपनी दुखावता कामा नये. पाटणकर साहेबांनी फोनवर सुस्कारा टाकला. वाघ त्यांच्या वरिष्ठांच्या बायकोने पसंत केला होता. तो परत आला तर त्यांनाही कुठेतरी परत पाठवतील, अशी त्यांना भीती होती. तरी ते आले, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. अर्धा तास वेळ काढला आहे, म्हणाले.

ग्रामसभा दुपारी बाराला समाजमंदिरात बसली. त्या गावात मतदान होत नाही. एकाचाही नकार असेल तोवर चर्चा चालते. कार्यसूचीत चौदा विषय होते आणि वाघ बाराव्या नंबरवर. साहेबांनी वाघ आधी घेण्याची विनंती केली. कौतिकाबाईंनी नम्रपणे सांगितलं की आधी बकरीचा विषय आहे, बकरीवाला चार दिवसांपासून थांबून आहे.

बकरीने कोणाची तूर खाल्ली होती. मग बांबूचा विषय झाला, मग शाळेच्या नळाचा, मग एका जावयाने जंगलातून विचारल्याशिवाय लाकूड नेल्याचा. साहेब सतरंजीवर पाय बदलत बसले होते. दोन तासांनी त्यांनी घड्याळाकडे पाहणं सोडलं. तीन तासांनी चहा आला तो त्यांनी बशीत ओतून घेतला. जावयाच्या विषयात तर त्यांनी हात वर केला आणि म्हणाले की त्याने कबूल केलंय तर दंड थोडा कमी करावा. सभेने ते विचारात घेतलं आणि इतिवृत्तात त्यांचं नाव लिहिलं गेलं. पुण्यात सोसायटीच्या सभेत आजवर कोणी त्यांचं ऐकलं नव्हतं, असं ते मला नंतर म्हणाले.

बारावा विषय आला तेव्हा आधी मी उठले. मी सांगितलं की वाघाला होकार मी दिला, गावाला न विचारता दिला, आणि जे ठाऊक असून विसरू नये ते विसरले. मग कौतिकाबाईंनी जावेची हकिकत सांगितली, चार-पाच वाक्यांत, कसलंही विशेषण न लावता. कोणत्या वेळी गेली, टोपली कुठी सापडली, पोरगी तेव्हा कुठी होती. शेवटी साहेबांकडे वळून म्हणाल्या, "वाघाचा आमाले राग नाई साहेब. जंगल त्याचंबी आहे. पन त्याले पाहून फोटो काढासारखं आमच्या घरी काई झालं नाई."

साहेब म्हणाले, "मी घेऊन जातो."

मग डोमाजीभाऊंनी एवढंच विचारलं की कशानं नेता, तुमची गाडी तर लहान आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर मिळाला. ट्रॉलीत वाघ आडवा केला, वर ताडपत्री बांधली. एक पंजा आणि शेपूट काही केल्या आत बसेना. ट्रॅक्टरवाला म्हणाला की वाटेत कोणी विचारलं तर मी एकटा काय सांगू, साहेब सोबत हवेत. म्हणून पाटणकर साहेब ट्रॉलीत वाघाशेजारी बसले आणि मी स्कूटीवर मागोमाग.

मूलच्या अलीकडे वनविभागाच्या तपासणी नाक्यावर ट्रॉली अडवली. ताडपत्रीखालून पट्टे असलेली शेपूट लोंबत होती, त्यामुळे अडवणाऱ्याला दोष देता येत नाही. ताडपत्री उघडल्यावर नाकेदाराची खात्री पटली, पण त्याच्यापुढे दुसरा प्रश्न उभा राहिला. नोंदवहीत लाकूड, बांबू, तेंदू, मोहफुलं असे रकाने होते, वाघाचा नव्हता. बराच विचार करून त्याने इतर या रकान्यात लिहिलं, वाघ, नग एक, पोकळ. सोबतच्या इसमाचं नाव, पाटणकर. नात्याच्या रकान्यापाशी तो थबकला. साहेब म्हणाले, मालक लिहा. मूलच्या राइस मिलवाल्यांनी, बाजारवाल्यांनी त्या वरातीचे जेवढे फोटो काढले तेवढे कंपनीच्या कुठल्याही प्रकल्पाचे आजवर निघाले नव्हते.

पुढचं तितकं हसण्यासारखं नाही. दुसरा भाग अडला. कारखान्यात चौकशी झाली, पत्रं आली, मी उत्तरं लिहिली. मजुरी थांबली. जाळी माळ्यावरच होती, कारण गावाने शब्द दिला होता आणि डोमाजीभाऊ तो मोडायला तयार नव्हते. जानेवारीत ढिवरांची सात घरं कुलूप लावून तेलंगणात मिरची तोडायला गेली. त्यातल्या दोन घरांची पोरं शाळेत होती, तीही गेली. त्या गाडीला निरोप द्यायला मी गेले नाही. जायला हवं होतं.

पाटणकर साहेबांनी मात्र एक चांगलं काम केलं. वाघाची हकिकत त्यांनी लपवली नाही. ग्रामसभेच्या इतिवृत्ताची नक्कल जशीच्या तशी, बकरीसकट, मुंबईला वरच्यांकडे पाठवली आणि सोबत लिहिलं की या गावाला पाटी नको, पण कंपनीचं नाव तळ्याच्या वहीत लिहायला गाव तयार आहे. ती वही मी पाहिली आहे. ज्याने तळ्याला जे दिलं ते तिच्यात लिहिलेलं आहे. देवधानाचं बी देणारी एक म्हातारी, मग कंपनी, मग नांगरणीला बैलजोडी देणारा एकजण. वरच्यांना ते का पटलं मला माहीत नाही. कदाचित पाटी करायचा खर्च वाचला म्हणून असेल. फेब्रुवारीच्या शेवटी पैसे आले. मिरचीला गेलेली घरं तेव्हा परत आली नव्हती.

त्या ग्रामसभेत बाराव्या विषयात आणखी एक ठराव झाला होता. मला दंड झाला होता. पैशाचा नाही, कामाचा. सात दिवस तळ्यात उतरून बेशरम उपटायची. संचालक म्हणाले, प्रतीकात्मक असेल, एक दिवस जाऊन फोटो काढा. मी सात दिवस गेले. वय सत्तावन्न, गुडघ्यांत वात, कमरेपर्यंत चिखल. बेशरमच्या नावात काही खोट नाही. उपटलेली फांदी काठावर टाकली तर तिथेही मूळ धरते, म्हणून ती लांब नेऊन वाळवायची आणि जाळायची. तिसऱ्या दिवशी मला दोन्ही हात वर करता येईनात. कौतिकाबाईंची पुतणी, तीच ती न बोललेली पोरगी, काठावर येऊन बसायची. चौथ्या दिवशी म्हणाली, "मुळापासून धरा बाई, तुमी वरूनच तोडून राह्यल्या." आणि ती पाण्यात उतरली.

होळीनंतर जाळी निघाली. मिरचीवाली घरं तोवर परतली होती. पहिल्या दिवशी फार मासळी निघाली असं मी म्हणणार नाही, पण मरळ होती, शिंगी होती, आणि डोमाजीभाऊंनी ज्या माशांची नावंही तोंडातून गेली होती असे दोन मासे ओळखून दाखवले. पाळीवर वाटे मांडले. प्रत्येक घराला एक. मी कौतुकाने बाजूला उभी होते, तर डोमाजीभाऊंनी एक वाटा पळसाच्या पानावर ठेवून माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, माझा कशाला, मी बाहेरची, त्यातून तुमच्याकडून दंड झालेली.

ते दुसरा वाटा लावता लावता म्हणाले, "बाहेरच्याले आमी दंड नाई लावत बाई. त्याले नुसतं जा मनतो."